सपाट असलेला पाय आणि सपाट होत गेलेला पाय

भोर आणि वेल्हे, म्हणजे आता राजगड, या दोन तालुक्यांत पायाच्या तळव्याचा प्रश्न दोन वेगवेगळ्या दारांनी येतो. एकीकडे लष्कराच्या आणि पोलिसांच्या भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुले असतात. त्यांचा पाय दुखत नसतो, पण ओल्या पायाचा शहाबादी फरशीवर उमटलेला ठसा पाहून कोणीतरी "तुझा पाय फ्लॅट आहे, मेडिकलला बाद होशील" असे सांगितलेले असते. दुसरीकडे चाळिशी-पन्नाशीतल्या बायका असतात. त्यांचा घोटा आतल्या बाजूने सुजतो आणि दुखतो, आणि घरात त्याला मुरगळणे, लचकणे किंवा वात म्हटले जाते. त्यांचा तळवा पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. सपाट पायामुळे घोट्याभोवतीच्या शिरांवर काय परिणाम होतो, या विषयावर गेल्या पाऊणशे वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आहे. ते एकत्र वाचले की काळजीची ही वाटणी उलटी झाली आहे असे माझे मत बनते. जन्मापासून सपाट, पण लवचिक आणि न दुखणारा पाय शिरांना फारसा धोका देत नाही. धोका आहे तो आधी ठीक असलेल्या आणि प्रौढ वयात खचत जाणाऱ्या पायाला.

इथे 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी नव्हे. स्नायूचे टोक हाडाला बांधणारी चिवट पट्टी, म्हणजे कंडरा. घोट्याभोवती अशा अनेक कंडरा आहेत, पण या प्रश्नात चार-पाचच महत्त्वाच्या. टाचेमागची सर्वांत जाड ती अकिलिस. बाहेरच्या घोट्यामागून दोन जातात, त्या पाऊल बाहेरच्या बाजूला वळवतात. आतल्या घोट्यामागून जाते ती पश्च टिबियल कंडरा, आणि या लेखातला बराचसा भाग तिच्याबद्दलच आहे. ती पोटरीच्या खोल भागातून निघते, आतल्या घोट्याला वळसा घालून तळव्याच्या कमानीखाली शिरते आणि मुख्यतः नौकाकृती हाडाला धरते. रहाटाच्या चाकावरून वळणारा दोर जिथे वळतो तिथेच झिजतो, तसे हिचे होते. फ्राय आणि सहकाऱ्यांनी 1990 साली दाखवले की घोट्यालगतच्या याच पट्ट्यात तिचा रक्तपुरवठा सर्वांत तोकडा असतो. तिची हालचालही जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची असते. त्यामुळे ती थोडीशी जरी लांबली तरी तिची ओढ वाया जाते.

पण कमान उभी ठेवण्याचे काम कंडराच करते, ही समजूत अर्धीच खरी आहे. बस्मॅजियन आणि स्टेको यांनी 1963 साली पायावर भार ठेवून स्नायूंतली विद्युत हालचाल मोजली. शंभर-दोनशे पौंड भाराखाली पायाचे स्नायू जवळजवळ स्वस्थ होते. चारशे पौंडांवर गेल्यावर ते कामाला लागले. म्हणजे नुसते उभे राहताना कमान हाडांच्या रचनेवर आणि अस्थिबंधांवर तोललेली असते. कंडरेचे खरे काम चालताना, टाच उचलण्याच्या क्षणी असते. त्या वेळी ती पावलाच्या मधल्या सांध्यांना आवळून धरते, पाऊल ताठ करते, आणि मगच अकिलिसची ताकद पुढच्या पंज्यापर्यंत पोचते. ती कमजोर पडली तर अकिलिस ओढत राहते, पण पाऊल मध्येच वाकते आणि सगळा ताण आतल्या बाजूच्या अस्थिबंधांवर जातो. अस्थिबंध सैल झाले की कंडरेला आणखी राबावे लागते. बिघाडाचे चक्र इथे सुरू होते.

आता सरळ आक्षेप असा येईल की सपाट पायात ही कंडरा आधीच ताणलेली असते, मग ती लवकर का बिघडणार नाही? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. ऑस्ट्रेलियात म्युर्ली आणि सहकाऱ्यांनी 2009 साली साठ जणांच्या चालण्याचा अभ्यास केला. सपाट पायांत पश्च टिबियल स्नायू जास्त काम करताना दिसला आणि बाहेरच्या बाजूचा एक स्नायू कमी. पण जास्त काम म्हणजे इजा नव्हे. लहानपणापासून हळूहळू वाढत गेलेल्या भाराला कंडरा जुळवून घेते, तिचे धागे जाड आणि मजबूत होतात. तिचे नुकसान होते ते सवयीपेक्षा झपाट्याने वाढलेल्या भाराने, किंवा वय आणि आजार यांनी तिची दुरुस्तीची क्षमता खालावल्यावर. सपाट पाय घेऊन वाढलेल्या मुलाची कंडरा त्या पायाबरोबरच वाढलेली असते.

याची कसोटी सैनिकांच्या पायांवर झाली, कारण माणसांना इतके शिस्तीत दमवणारी दुसरी जागा नाही. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या लष्करातल्या 3,619 सैनिकांचे पाय हॅरिस आणि बीथ यांनी तपासले आणि 1947 साली अहवाल दिला. लवचिक सपाट पाय ही सामान्य रचनेचीच एक तऱ्हा आहे, तिने कामात अडथळा येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. इस्रायली लष्करात 1985 साली गिलाडी आणि सहकाऱ्यांना आढळले की ताणामुळे हाडाला जाणारे बारीक तडे कमी उंचीच्या कमानीच्या जवानांत कमीच होते. अमेरिकेत 1993 साली कोवन यांच्या गटाने पायदळातल्या प्रशिक्षणार्थींचे पाय मोजले, तर सर्वांत सपाट पायांच्या गटाला सर्वांत कमी इजा झाल्या. लष्कराबाहेर, डेन्मार्कमध्ये 927 नवख्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर त्यांची नोंद ठेवली गेली. पाऊल आत झुकणाऱ्यांना जास्त इजा झाल्याचे त्यातही दिसले नाही.

विरुद्ध पुरावा नाही असे नाही. 1999 साली कॉफमन यांनी अमेरिकी नौदलाच्या 449 प्रशिक्षणार्थींवर केलेल्या अभ्यासात, हालचालीत सपाट होणारे आणि अति उंच कमानीचे अशा दोन्ही टोकांच्या पायांत हाडांचे तडे जास्त निघाले. अनेक अभ्यास एकत्र करून 2013 साली काढलेल्या निष्कर्षातही पायाचा आकार आणि इजा यांचा संबंध सापडला, पण क्षीण, आणि तोही सपाट व उंच दोन्हीकडे. शिवाय एक पद्धतीचा आक्षेप आहे आणि तो मला जास्त वजनाचा वाटतो. लष्करात जाणाऱ्यांतून सर्वांत वाईट पाय आधीच गाळलेले असतात, मग उरलेल्यांत सपाट पाय निरुपद्रवी दिसणारच. हे मान्य करायला हवे. मात्र त्यातून सिद्ध होते ते इतकेच की गाळणी उपयोगी आहे. गाळणी कशाची हवी, आकाराची की हालचालीची आणि दुखण्याची, हा प्रश्न उरतोच, आणि हॅरिस-बीथ यांनी त्याचेही उत्तर दिले होते. त्यांनी त्रासदायक सपाट पाय दोन प्रकारचे सांगितले. एक ताठर, ज्यात पावलाची हाडेच एकमेकांना जुळलेली असतात. दुसरा अति सैल, पण अकिलिस आखूड असलेला.

हा दुसरा प्रकार घाटमाथ्यावर विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. चढावर पाऊल ठेवताना घोटा पुढे वाकावा लागतो. अकिलिस आखूड असेल तर घोटा पुरेसा वाकत नाही आणि ती कमतरता पाऊल मधेच मोडून भरून काढते. म्हणजे कमान रोज, प्रत्येक पावलाला, खाली दाबली जाते. ज्याला टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसता येते त्याची अकिलिस बहुधा आखूड नसते. चुलीपुढे, अंगणात, शेताच्या बांधावर उकिडवे बसण्याची सवय असलेल्या पिढ्यांना ही तपासणी नकळत रोज होत होती. बाकावर आणि खुर्चीवर वाढणाऱ्या मुलांची ती मुद्दाम करून पाहावी लागेल.

एवढे वाचल्यावर भरतीच्या मुलांच्या बाबतीत काय म्हणायचे? गंमत म्हणजे भारतीय सैन्यदलांचे वैद्यकीय निकष या बाबतीत गावातल्या समजुतीपेक्षा शहाणे आहेत. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर उड्या मारू व धावू शकत असेल आणि पाय लवचिक व वेदनारहित असतील, तर तो ग्राह्य धरावा, असे ते निकष सांगतात. बाद होतो तो ताठर किंवा दुखरा पाय. तरीही फरशीवरचा ठसा पाहून पोरे हिरमुसतात, कोणी कमान उचलणाऱ्या गाद्या विकत घेते, कोणी बाटलीवर तळवा घासत बसते. बाटलीने तळव्याला बरे वाटेल, हाडांची मांडणी बदलणार नाही. त्यापेक्षा पोटरी मोकळी करण्याचे आणि एका पायावर टाच उचलण्याचे व्यायाम करावेत, आणि 1600 मीटरची तयारी आठवड्यात न उरकता महिन्यांवर पसरावी. 1660 च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे रात्रभर धावलेल्या हिरडस मावळातल्या बांदलांच्या पायांचे ठसे काही कोणी तपासले नव्हते.

मावळ्यांचे नाव निघाले की अनवाणी पायांचे कौतुक ओघाने येतेच, आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. राव आणि जोसेफ यांनी 1992 साली कर्नाटकात 4 ते 13 वयाच्या 2,300 मुलांच्या पायांचे ठसे घेतले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण 8.6 टक्के होते, न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के. बंद बुटांच्या मुलांत ते सर्वांत जास्त होते, चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी. जोसेफ यांच्याच 1995 च्या पुढच्या अभ्यासात, ज्यांनी लहान वयात बूट घातले त्यांच्यात प्रौढपणीही सपाट पाय जास्त निघाले. दक्षिण भारतातल्या अनवाणी लोकांचे पाय रुंद असतात आणि तळव्यावर दाब अधिक समान पसरतो, हे बेल्जियमच्या डाऊत यांनी 2009 साली दाखवले. म्हणून डोंगरातल्या शाळकरी मुलाला घट्ट बंद बुटात कोंबण्याचे कारण नाही. उघडी चप्पल पुरे. पण यातून 'अनवाणी चाला, शिरा सांभाळा' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हे अभ्यास ठशांचे आहेत, दुखण्याचे नाहीत. कमान उंच असली म्हणून कंडरा निरोगी असतेच असे नाही. आणि पावसाळ्यात खाचरातून अनवाणी फिरण्याची किंमत घोणस, फुरसे, काटे आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या रूपात मोजावी लागते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाने तर अनवाणी चालूच नये.

लहान मुलांच्या बाबतीत एवढे सांगून पुढे जाता येईल. तान्ह्या मुलाचा पाय सपाटच दिसतो आणि कमान पुढे वर्षानुवर्षे घडत जाते. ऑस्ट्रियात 2006 साली फायफर यांनी 835 मुले पाहिली. तीन वर्षांच्या मुलांत 54 टक्क्यांचे पाय सपाट होते, सहा वर्षांच्यांत 24 टक्क्यांचे. खास बूट आणि आधार दिल्याने फरक पडतो का, हे वेंगर यांच्या गटाने 1989 साली तपासले. तीन वर्षांनी उपचार केलेल्या आणि न केलेल्या मुलांत फरक नव्हता. न दुखणाऱ्या लवचिक पायासाठी पुण्याला पन्नास-साठ किलोमीटर हेलपाटे घालून महागडे बूट आणणाऱ्या आईबापांना हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

आता मूळ चिंतेकडे. प्रौढ वयात पाय का खचतो? होम्स आणि मान यांनी 1992 साली पश्च टिबियल कंडरा तुटलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा स्थूलपणा, रक्तदाब, मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही नावे वारंवार पुढे आली. नंतरच्या अभ्यासांतही हा आजार मुख्यतः चाळिशीपुढच्या स्त्रियांचा दिसतो. जॉन्सन आणि स्ट्रॉम यांनी 1989 साली त्याच्या पायऱ्या मांडल्या. आधी आतल्या घोट्यामागे सूज आणि दुखणे, पण पाऊल जसेच्या तसे. मग कंडरा लांबते, कमान बसते, टाच बाहेर झुकते, तरी पाऊल हाताने सरळ करता येते. शेवटी ते ताठर होते. याच वाटेवर एक फसवी गोष्ट घडते. टाच इतकी झुकते की बाहेरच्या घोट्याखाली हाडावर हाड दाबू लागते, बाहेरच्या कंडरा चिमटतात आणि दुखणे आतून बाहेर सरकते. रुग्णाला वाटते आतला घोटा बरा झाला. प्रत्यक्षात आतली कंडरा ओढण्याच्या पलीकडे गेलेली असते. आणि झुकलेल्या टाचेमुळे अकिलिसची ओढही वाकडी होते, ती कालांतराने आखूड होऊन पाऊल आणखी बाहेर ढकलते.

यावर विचारले जाईल की आधी काय, कंडरा बिघडल्याने पाय सपाट होतो की सपाट पायामुळे कंडरा बिघडते? दोन्ही घडते. आधीपासून सपाट असलेल्या पायात अस्थिबंध सैल असतील तर पुढे त्रासाची शक्यता वाढते, हे नाकारता येणार नाही. 2020 साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन दोष एकट्या कंडरेवर टाकणेही सोडले. अस्थिबंध आणि कंडरा मिळून खचतात, असे आता मानले जाते. पण सपाट पायाच्या माणसांतले बहुतेक या वाटेला जातच नाहीत. जे जातात त्यांच्याकडे सपाट पायाखेरीज आणखी काहीतरी असते: वय, वजन, साखर, स्टेरॉइड, किंवा एकाएकी वाढलेले कष्ट.

एकाएकी वाढलेले कष्ट ही भोर-वेल्ह्याची खासियत आहे. भात हे इथले मुख्य पीक. उन्हाळ्यात तुलनेने संथ असलेले काम पाऊस धरला की चिखलणी आणि लावणीच्या आठवड्यांत उसळते. दिवसभर चिखलात रुतलेला पाय ओढून काढायचा, पुढे टाकायचा, पुन्हा रुतवायचा. पायाखाली पक्का आधार नसल्याने घोट्याच्या कंडरांना प्रत्येक पावलाला सावरावे लागते. मघाशी म्हटले तसे, उभे राहण्याने नव्हे, या हालचालीने त्या थकतात. त्यात डोक्यावर रोपांची किंवा गवताची ओझी. आणि खाचरापर्यंतची वाट सपाट नसतेच. उतारावरून आडवे चालताना वरच्या बाजूचे पाऊल आत कलते आणि त्याच्या आतल्या कंडरेवर ताण येतो. खालच्या बाजूचे पाऊल उलटे कलते, तिथे बाहेरच्या कंडरा सावरतात. गुंजवणीच्या, वेळवंडीच्या किंवा नीरेच्या खोऱ्यात रोज त्याच आडव्या वाटेने ये-जा करणाऱ्याला हा ताण वर्षानुवर्षे सोसावा लागतो. तरुण, सरावाच्या पायाला हा भार घडवतो. मधुमेह आणि वजन घेऊन पन्नाशीत आलेल्या पायाला तोच भार मोडू शकतो. घरातली तरुण माणसे पुण्यात किंवा शिरवळच्या कंपन्यांत कामाला असतील, तर लावणीचा वाटा नेमका अशाच पायांवर येतो. शनिवार-रविवारी राजगड-तोरणा करायला येणाऱ्या, आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या शहरी पर्यटकाचे गणितही वेगळे नाही, फक्त त्याला थांबता येते.

अशा सुजलेल्या घोट्यावर एक इंजेक्शन घेऊन लावणी पुरी करण्याची पद्धत धोक्याची आहे. कंडरेत किंवा तिच्यालगत दिलेले स्टेरॉइड दुखणे मारते, पण कंडरेची ताकदही कमी करते, आणि दुखणे थांबलेली बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकेही कंडरा दुबळ्या करू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 साली त्यावर ठळक इशारा छापायला लावला. स्टेरॉइड आणि हे प्रतिजैविक साठीपुढच्या माणसाला एकाच वेळी दिले जात असेल तर डॉक्टरांनी दोनदा विचार करावा.

वेळेवर ओळखले तर उपाय साधे आहेत. अल्वारेझ यांच्या 2006 च्या अभ्यासात पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच्या 47 रुग्णांना आधारपट्टा आणि नेमका व्यायाम दिला गेला. 39 जण शस्त्रक्रियेविना बरे झाले. कुलिग यांच्या 2009 च्या प्रयोगात बुटातल्या आधाराबरोबर कंडरेला भार देत देत सैल सोडण्याचा व्यायाम सर्वांत गुणकारी ठरला. नुसती विश्रांती पुरत नाही, आणि नुसता आधारही नाही. पाऊल ताठर झाल्यावर मात्र हाडे कापून बसवण्याखेरीज फारसे काही उरत नाही.

आणि ओळखायला एक्स-रे लागत नाही. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात, वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावातल्या आशाताईच्या ओसरीवरही ही तपासणी दोन मिनिटांत होते. दोन्ही पायांवर उभे करून मागून पाहावे. एका टाचेच्या बाहेर जास्त बोटे दिसतात का? मग भिंतीचा आधार घेऊन एका पायावर टाच उचलायला सांगावे. उचलता येत नसेल, किंवा उचलल्यावर टाच आत वळत नसेल, आणि आतल्या घोट्यामागे सूज असेल, तर तो मुरगळलेला पाय समजू नये. साखर तपासावी आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. पाऊल गरम, लाल, सुजलेले असून मधुमेह्याला दुखतच नसेल तर ते त्याहून गंभीर आहे, तिथे त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरातल्या बाईचा एकच घोटा आतून सुजत असेल तर लावणी संपायची वाट पाहू नका.